टाचेवरची उष्णता

आमच्या घरात कुठल्याही दुखण्याला एकच नाव होतं, उष्णता. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. केस गळले, उष्णता. पप्पा कामावरून येऊन उगाच खेकसले तरी आई म्हणायची, दिवसभर बॉयलरजवळ उभे असतात, चढली असेल उष्णता. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या चाळीने या एका शब्दावर वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरी टाळली. मला त्या शब्दाचा आजही इतका राग येतो की कुणी 'थंड असतं, उष्णता मारतं' म्हणून सब्जा घातलेलं सरबत पुढे केलं तरी मी ग्लास बाजूला सारते. सब्जाने माझं काही वाकडं केलेलं नाही हे मला कळतं.

मी तेव्हा नुकतीच बीए झाले होते आणि मला पोलीस व्हायचं होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडच्या कंपन्या एकेक करून गेटला कुलूप लावत होत्या आणि अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत तरण्या पोरांना स्वप्नातसुद्धा भरती दिसत होती. माझं कारण जरा वेगळं होतं. मी शाळेत असताना चाळीत एकदा मोठी मारामारी झाली होती. बायकांनी हातपाय जोडले तरी कुणी ऐकत नव्हतं. मग एक लेडी कॉन्स्टेबल आली, अंगाने माझ्यापेक्षाही बारीक, आणि नळावर रोज आईबहिणीवरून ओरडणारे सगळे पुरुष एकदम खालच्या पट्टीत बोलायला लागले. मला तो उतरलेला आवाज हवा होता. तो खाकीशिवाय मिळत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

शाळेच्या मागच्या मैदानावर एक सर भरतीची तयारी करून घ्यायचे. पोरं पुष्कळ, पोरी मोजक्याच. त्यात मी आणि आमच्या समोरच्या खोलीतल्या मावशींची मुलगी. ती माझ्याहून लहान होती आणि पळण्यात माझ्याहून चांगली. सर म्हणायचे, "भरतीला पहाटे लाईनीत उभं करतात आणि नंबर लागतो भर दुपारी. तेव्हा सूर्याला सांगणार का, जरा थांब, माझं तीन हजार मीटर बाकी आहे?" म्हणून होळी झाली की ते आम्हाला मुद्दाम दुपारच्या उन्हात पळवायचे. बुटांचीही सवय नको, पुढ्यात खडी येते की डांबर सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही अनवाणी पळायचो. रविवारी बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला न्यायचे. कापणी झालेली भातखाचरं, मधूनच पळसाची झाडं, आणि आमच्या पायांचा आवाज. त्या रस्त्यावर मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं पुढे कुठेच वाटलं नाही.

चाळीला मात्र माझ्या पळण्यात एकच गोष्ट दिसायची. काळी पडशील. पाणी भरताना बायका म्हणायच्या, काळी पडशील. मावशी म्हणायच्या, "आमची तरी जरा उजळ आहे, तू तर आधीच सावळी, तुला कोण करणार?" आई बाहेर पडताना माझ्या तोंडावर ओढणी बांधायची, नुसते डोळे उघडे ठेवून, आणि मी गल्लीच्या टोकाला ती सोडून कमरेला बांधायचे. घरी आल्यावर बेसन, दही, मुलतानी माती, शिवाय टीव्हीवर जिच्यामुळे काळ्या पोरीला नोकरी मिळते ती ट्यूब. इतक्या माणसांनी इतक्या बारकाईने माझं तोंड पाहिलं आहे की त्यांनी त्यातलं एक टक्का लक्ष खाली दिलं असतं तर माझी गोष्ट इथेच संपली असती.

आम्ही बौद्ध. रविवारी विहारात जायचो, तिथे अंधश्रद्धेवर भाषणं व्हायची आणि आई पहिल्या रांगेत बसून माना डोलवायची. घरात लिंबूमिरची नाही, दृष्ट काढणं नाही, अंगारा नाही. पण उष्णता कुठल्याच धर्मात बसत नसल्यामुळे ती सगळ्या चाळणीतून सुटली. आईकडे तिच्या माहेरची काशाची वाटी होती. मी मैदानावरून आले की संध्याकाळी आई माझा पाय मांडीवर घ्यायची, तळव्याला खोबरेल तेल लावायची आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासत बसायची. ज्यांनी हे केलं आहे त्यांना माहीत आहे की थोड्या वेळाने तळवा काळा पडतो. हे काळं म्हणजे अंगातून उतरलेली उष्णता. ती फडक्याने पुसायची आणि ते फडकं सगळ्यांना दाखवायचं. "बघा, केवढी निघाली," आई म्हणायची, आणि तिच्या चेहऱ्यावर हंडा घासून लख्ख केल्यासारखं समाधान असायचं.

मला ती वाटी आवडायची, हेही सांगायला हवं. आई दिवसभर लोकांकडे पोळ्या लाटायची आणि घरी आल्यावर तिचं बोलणं म्हणजे नुसत्या सूचना. पण तेवढा वेळ ती गप्प बसायची. मी तिथेच भिंतीला टेकून पेंगायचे.

डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला एक काळा डाग होता, चिंचोक्याएवढा. तो वाटी फिरवून, तेल पुसून, साबण लावूनही राहायचा. पहिल्यांदा आईला तो दिसला तेव्हा ती म्हणाली, "ही मुरलेली आहे. हळूहळू निघेल." तिथे ती जास्त वेळ घासायला लागली. डाग वाढला. एका बाजूने पसरला, त्याची कड वाकडीतिकडी झाली, मध्ये गडद आणि कडेला चहाच्या डागासारखा फिका. आईला त्याचा आनंद झाला. तिच्या हिशोबाने आत साठलेलं बाहेर यायला लागलं होतं. शेजारच्या बायका येऊन माझी टाच बघून गेल्या. मावशी म्हणाल्या, "बाई गं, उन्हात पळून पळून काय साठवून ठेवलंयस!" चाळीतल्या एकाही बाईला त्यात वावगं दिसलं नाही. कारण काळं हे वाईट असतं ते तोंडावर. तळव्याला काळं आलं तर ते निघून चाललंय म्हणून चांगलं.

पुढे ती टाच पळताना टोचायला लागली. आमचा फॅमिली डॉक्टर नाक्यावर बसायचा. मी पाय दाखवायला चप्पल काढली तर तो टेबलामागून उठलासुद्धा नाही. "पळतेस ना? कुरूप असणार," म्हणाला आणि केमिस्टकडे मिळणारी कुरपाची पट्टी लिहून दिली. पट्टीने कातडं पांढरं होऊन सोलून निघालं, आणि खाली डाग होता तिथेच होता. तो डॉक्टर अजून तिथेच बसतो, आता दारावर एसीची पाटी आहे. मी त्या रस्त्याने गेले की मला आत जाऊन त्याची खुर्ची उलथवावीशी वाटते.

माझी टाच शेवटी बघितली गेली ती माझ्या तोंडामुळे. मे महिन्यात मावशींनी एक स्थळ आणलं. मुलगा कुळगावचा, बँकेत. पाहायला यायचं ठरलं आणि आईने माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं. "भाकरी करपल्यागत झालंय तोंड," ती म्हणाली. "असं दाखवायचं का त्यांना?" मी म्हणाले, नको दाखवू, माझं भरतीचं ग्राऊंड पुढच्या महिन्यात आहे, मला लग्न करायचंच नाही. त्यावर जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही, ती प्रत्येक घरात तशीच होतात. शेवटी तह असा झाला की मी पळणं सोडणार नाही, पण उल्हासनगरच्या स्किनच्या डॉक्टरकडे आईबरोबर जाईन.

कॅम्पातल्या बाजाराच्या वर, पहिल्या मजल्यावर दवाखाना. खाली कपड्यांची दुकानं, जिन्यात प्लास्टिकच्या गठ्ठ्यांचा वास. दारात पाटी होती, चपला बाहेर काढा. आम्ही काढल्या. डॉक्टर सिंधी, पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला उंच टेबलावर झोपायला सांगितलं आणि चेहऱ्यावर दिवा ओढला. आई शेजारी उभी राहून सांगत होती, "उन्हात पळती हो, ऐकत नाय. पंधरा दिवसात पावणे येणारेत. जरा उजळ होईल असं काहीतरी द्या." डॉक्टर हो हो म्हणत दिव्याची मान फिरवायला माझ्या पायांच्या बाजूला गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"बेटा, ये कब से है?"

मला वाटलं त्या भेगांविषयी विचारतायत. आईच म्हणाली, "ती उष्णता आहे डॉक्टर. मी रोज काढते वाटीनं. आता बऱ्यापैकी वर आलीय."

डॉक्टरांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि टाच जोरात पुसली. कापूस पांढराच राहिला. तो त्यांनी आईसमोर धरला. "ताई, हे बघा. कुछ नहीं निकला. काशाचं काळं असतं ते वरचं असतं, पुसलं की जातं. हे चमडीच्या आत आहे. वाटी बंद. आजपासून बंद."

"बरं," आई म्हणाली. "मग तोंडाला काय देताय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चेहऱ्याला काही झालेलं नाही. चेहरा छोडो!" त्या ओरडल्याच. बाहेर बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. माझ्या बाजूने कुणीतरी ओरडलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं, आणि ते नेमकं कशासाठी आहे हे मला अजून माहीत नव्हतं.

त्यांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही, पप्पांना घेऊन या म्हणाल्या. मेलानोमा. त्यांनी सोप्या भाषेत समजावलं की कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर. पप्पांनी कॅन्सर एवढाच शब्द ऐकला. मी बावीस वर्षांची होते. मी विचारलं, मला किती दिवसांत पळता येईल? त्यांनी मुंबईच्या हॉस्पिटलासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन तरुण होता आणि तुटक बोलायचा. टाचेचा तेवढा भाग, आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढायचा आणि मांडीची कातडी तिथे लावायची. मी म्हणाले, माझं ग्राऊंड आहे, ते झालं की लगेच येते. गंमत म्हणजे आईही म्हणाली, जरा पुढे ढकलता येईल का. तिला पाहण्याचा कार्यक्रम उरकून घ्यायचा होता. आम्ही दोघी आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला होतो आणि दोघींची कारणं एकमेकींना पटत नव्हती.

सर्जन म्हणाला, "आत्ता तो वरच्या थरात आहे. लवकर सापडलाय, हे नशीब समजा. खाली उतरला की मग पळण्याचा विषयच राहणार नाही. आणि नंतर त्या टाचेवर चालता येईल. पळण्याचं मी काही सांगत नाही."

त्याने हे पेनाचं टोपण लावता लावता सांगितलं. मला माहीत होतं की तो माझा जीव वाचवतोय. तरी मला त्याचा संताप आला. माझ्या ग्राऊंडच्या दिवशी माझ्या नावाचा पुकारा झाला असेल तेव्हा मी पाय उशीवर ठेवून छताचा पंखा बघत पडले होते.

घरी आले आणि रीघ लागली. शहाळी, मोसंबी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य. उन्हात पळायचीस ना. कुणी विचारायचं म्हणूनसुद्धा विचारत नव्हतं, सांगतच होतं. मावशी म्हणाल्या, मी तेव्हाच बोलले होते. वर राहणारे काका म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं ऊन सोसत नाही. पप्पांनी कंपनीतल्या साहेबाकडून इंटरनेटवरची माहिती छापून आणली. तीत फोटो होते, समुद्राकाठी उताणे पडलेले गोरे लोक, आणि मजकुरात जागोजागी ऊन, ऊन, तरुणांनी उन्हात जाताना घ्यायची काळजी. पप्पांनी इंग्रजीतला तेवढाच शब्द खाली रेघ मारून मला दाखवला. मी बारवीच्या धरणापलीकडे पाणी बघितलं नव्हतं, समुद्राकाठी उताणी कधी पडणार? आणि कुळगावचं स्थळ? त्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही. ते गेलं ते मात्र मला चाललं.

टाके काढायला गेले तेव्हा मी तो कागद सर्जनपुढे ठेवला आणि आईला मुद्दाम शेजारी बसवलं. "उन्हाने झालं का? हिच्यासमोर सांगा."

तो हसला, पहिल्यांदाच. म्हणाला, "हे गोऱ्या कातडीच्या माणसांबद्दल आहे. त्यांच्यात उन्हाचा मोठा हात असतो, म्हणून तिकडे तरुणांना सांभाळून राहायला सांगतात. आपल्याकडे हा आजार मुळात कमी. आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. आता तुम्हीच सांगा आई, तळपायाला ऊन लागतं का? तो कशाने होतो, हे नक्की कुणाला सांगता येत नाही. पळण्याने नाही, उन्हाने नाही."

आई मान डोलवत होती, विहारात डोलवायची तशीच. घरी आल्यावर मावशींनी दारातच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आई म्हणाली, "काय म्हणणार. उन्हात जायचं नाही."

मी त्या दिवशी हातातला पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. तो पोचा अजून त्या तांब्याला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. जिथे सूर्य कधी पोचलाच नाही तिथे रोग झाला, आणि शिक्षा झाली मैदानाला. कारण पुढे काय झालं ते ऐका. मावशींनी त्यांच्या मुलीचं पळणं बंद केलं. मग कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीचं बंद झालं. मग आणखी एकीचं. सर एकदा मला भेटायला आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, पोरींची बॅच संपली. त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती माझ्याविषयी होती असं मला वाटलं. पोरांची बॅच चालू होती. पोरांना ऊन लागत नाही. ती अनवाणी पळत होती त्याच मैदानावर, आणि त्यांच्या आयांनी त्यांचे तळवे कधी उलटून बघितले असतील तर शपथ.

मी ज्याला त्याला सांगत सुटले. लंगडत नळावर जाऊन सांगितलं. ऊन नाही हो, तळपाय बघा, पोरींचे बघा, पोरांचे बघा, काळा डाग वाढताना दिसला तर दाखवा. बायका ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, असेल बाई, पण ऊन वाईटच. त्यांना मी काय सांगणार, माझ्याच घरातून उलट सांगितलं जात होतं. सगळ्यांत मोठ्याने आई सांगायची. कुणी न विचारता सांगायची. दुपारी नुसती गॅलरीत उभी राहिले तरी ती मला हाताला धरून आत ओढायची. आमची रोज भांडणं व्हायची आणि मी तिला नाही नाही ते बोलायचे. अडाणी म्हणायचे. भाषणं ऐकून काय उपयोग, म्हणायचे.

दर काही महिन्यांनी हॉस्पिटलात जावं लागे. सर्जन जांघेत गाठ आहे का ते चाचपायचा, पाय बघायचा आणि ठीक म्हणायचा. अशाच एका खेपेला, थंडीत, मी कपडे सारखे करत पडद्यामागे होते. आईला वाटलं असावं की पडद्याबाहेरचं बोलणं आत ऐकू जात नाही. ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मी रोज घासत होते ना तिथं. जोर लावून. त्यानं वाढलं का हो?"

तो म्हणाला, "घासल्याने झालं असं मी म्हणणार नाही. पण वाटीच्या नादात दाखवायला उशीर झाला असता. थोडक्यात वाचली."

"हां," आई म्हणाली. बाहेर आल्यावर तिने माझ्या डोक्यावर ओढणी टाकली. डिसेंबरातलं कोवळं ऊन होतं. "घे, ऊन लागेल," म्हणाली. मी पहिल्यांदाच ती काढली नाही.

म्हणजे तिला ऊन का हवं होतं ते मला तिथे फुटपाथवर उभं राहून कळलं. ऊन नसेल तर मग कोण? तर तिची वाटी, तिचे हात. तिला रात्री झोप लागायला सूर्य गुन्हेगार असणं भाग होतं. हे कळलं म्हणून माझा राग गेला असं समजू नका. उलट वाढला. पाय माझा कापला, भरती माझी गेली, आणि वर समजूनही मीच घ्यायचं! मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि आता ओरडायची सोयही राहिली नव्हती.

वर्ष उलटलं. टाच भरली, पण मांडीची कातडी ती, टाचेचा घट्टपणा तिला कुठून येणार. चालायला जमायचं. एकदा कुणी नसताना मी मैदानावर बूट घालून एक फेरी मारायचा प्रयत्न केला. अर्ध्यात कातडी फाटली आणि मोजा ओला झाला. तिथल्या पायरीवर बसून मी मोजा काढला, पिळला आणि परत घातला. खाकीचा विषय माझ्यापुरता तिथे संपला.

पुन्हा भरतीची जाहिरात आली तेव्हा उन्हाळा लागला होता. मावशींच्या मुलीने गुपचूप फॉर्म भरला, क्लासला जाते सांगून मैदानावर जायला लागली, आणि आठवड्याभरात पकडली गेली. मावशींनी तिला दंडाला धरून जिन्यातून वर आणलं. सगळी चाळ गॅलरीत. मी दारात उभी होते. मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

"बग हिच्याकडं! बग नीट! तुला पण अशीच लंगडायचीय का? उन्हात पळून पळून पायाचं मातेरं करून घेतलं हिनं!"

मुलगी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलीन म्हणून. माझ्या तोंडात शब्द आले होते, ते चांगले नव्हते. तेवढ्यात आई आतून आली, हाताला कणीक तशीच.

"सोड तिचा हात," आई म्हणाली.

"ताई, तुम्हीच सांगा ना हिला. तुम्हीच सांगत असता."

"सांगत होते. खोटं सांगत होते." आईचा आवाज मोठा नव्हता, पण गॅलरीत सगळ्यांना ऐकू जात होता. "उन्हानं काय झालं नाही. डॉक्टरनी मला तोंडावर सांगितलंय, एकदा नाय, दर खेपेला. मलाच ते ऐकायचं नव्हतं."

"मग कशानं झालं?"

"ते कुणालाच म्हाईत नाय. पण हिचा पाय रोज माझ्या मांडीवर होता. रोज. ते काळं वाढत चाललेलं आणि मी खूश व्हायचे, उष्णता निघतीय म्हणून. तुम्हाला बोलवून दाखवायचे. आईच्या डोळ्यासमोर, आईच्या हातात. त्यात ऊन बिचारं काय करील?" तिने कणकेचा हात पदराला पुसला. "तू पोरीचे तळवे बघत जा मधून मधून. आणि पळू दे तिला."

मावशींनी हात सोडला. आई माझ्याकडे न बघता आत गेली आणि पोळपाटाचा आवाज सुरू झाला.

मी तिच्यामागे जाऊन म्हणायला हवं होतं की आई, तुझ्यामुळे झालं नाही. ते खरंही होतं. पण वर्षभर मी सगळ्या चाळीशी जे भांडले ते हिने दोन मिनिटांत मिटवलं, आणि एक वर्ष उशिरा मिटवलं. पोरींची बॅच मोडली ती मोडलीच. मी पाण्याला जाते म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचं दार उघडलं. मावशी दबक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, ओढणी घे बहुतेक, आणि मग बुटांचा धाडधाड आवाज जिन्यावरून खाली गेला, गल्लीत गेला, मैदानाच्या दिशेने वेग घेत गेला. आई अंथरुणात जागीच होती.

"गेली गं," ती म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला आनंद झाला नाही. ते पाय माझे असायला हवे होते.